‘चालू कंडिशन’ म्हणे!

मालवणात होडीच्या मागे लावायचं जुनं आउटबोर्ड इंजिन विकणाऱ्या प्रत्येकाचा मंत्र एकच: ‘चालू कंडिशन, फक्त प्लग बदला.’ हे माझं तिसरं. प्लग बदलला. कार्ब्युरेटर उघडला, तर आत जुन्या पेट्रोलचा डिंक. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर काढला, तर पाती वाळक्या आमसुलासारखी. बोल्ट खाऱ्या पाण्यानं ॲल्युमिनियमला असे चिकटलेत की डोकं तुटतं, बोल्ट हलत नाही. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणे, ‘नारळी पुनवेला चालू होता!’ कुठल्या सालच्या, ते विचारायचं नाही. अहो, समुद्रातून आणल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्यात चालवायला काय पैसे पडतात? आता घरच्यांनी परसातल्या पाण्याच्या पिंपाला इंजिन लावून चालवून बघायचीच बंदी केलीय. आणि चौथं बघायला उद्या देवगडला चाललोय.