ऐंशीच्या पुढे पोटाचं ऑपरेशन : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंत : ‘वय बघून ऑपरेशन नाकारू नका, हे लिहायला सोपं आहे. माझ्या ८२ वर्षांच्या वडिलांचा अल्सर फुटला. रात्री दोन वाजता पोट उघडलं, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि ते गेले. सही घेताना एवढंच सांगितलं, की केलं नाही तर जातील. थोडं थांबून बघायला हवं होतं.’

वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुमची तक्रार रास्त आहे. केलं नाही तर काय होईल ते सांगितलं, केल्यावर काय होऊ शकतं ते सांगितलंच नाही. माझ्या लेखातही तेच राहून गेलं होतं.

इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ पासून अशा तातडीच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. सुरुवातीच्या अहवालात ३० दिवसांत साधारण ११ टक्के रुग्ण दगावले होते. पुढे हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास आलं. हे सगळ्या प्रौढांचं मिळून. ऐंशीच्या पुढे धोका याहून बराच जास्त असतो.

तरी नुसतं वय मोजून भागत नाही. मी घरच्यांना विचारतो, महिन्यापूर्वी आजोबा काय करत होते? मंडईतून भाजी आणत होते, की आंघोळीलाही धरून न्यावं लागायचं? भाजी आणणारे पुन्हा चालत घरी जाण्याची आशा धरता येते. दुसरे वाचले तरी अंथरुणाला खिळू शकतात. हे सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि रात्री दोन वाजताही ती काढायलाच हवीत.

थांबण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. डेन्मार्कमधल्या फुटलेल्या अल्सरच्या रुग्णांच्या अभ्यासात, ऑपरेशनला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी घटलेली दिसली. आणि आपल्याकडे उशीर बहुधा घरीच झालेला असतो. म्हातारपणी ताप येतोच असं नाही, पोटही लाकडासारखं कडक होतंच असं नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही. गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅकनं अल्सर होतो आणि त्याचं दुखणंही दबतं. मग गॅस म्हणून ओवा, चूर्ण, एनिमा यात दोन दिवस जातात. बारीक अंगाच्या आज्या जांघेतली गाठ लाजेनं दाखवत नाहीत, आणि डॉक्टर लुगडं सारून बघत नाहीत. शिकत असताना मीही एका आजींना जांघ न तपासता सलाईन लावलं होतं. हर्नियात अडकलेलं आतडं सकाळपर्यंत काळं पडलं होतं.

ऑपरेशन न करणं हाही काही वेळा योग्य निर्णय असतो. पण तो ‘थांबून बघू’ म्हणून नव्हे, तर सगळं कळून घेतलेला हवा. तेव्हा मॉर्फिन देऊन वेदना थांबवायच्या, नळ्या कमीत कमी ठेवायच्या, मुलानातवंडांना जवळ बसू द्यायचं. हा पर्याय तुमच्यापुढे ठेवायला हवा होता.

सही केल्याचा सल धरून बसू नका. जेवढं सांगितलं गेलं तेवढ्यावर तुम्ही ती केलीत. ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या. ती मिळाली की मला कळवा. आत काय सापडलं होतं ते फोनवर सावकाश समजावून सांगेन.