‘मन घट्ट करा, विचार झटकून टाका’: फ्लॅशबॅकवरच्या एका सल्ल्याला उत्तर

भीषण घटनेतून गेलेल्यांना येणाऱ्या फ्लॅशबॅकबद्दल मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. तो थोडक्यात असा: ‘फ्लॅशबॅक म्हणजे शेवटी जुनी आठवणच. मन घट्ट असेल तर हा त्रास होत नाही. झालाच तर डोळे मिटून खोल श्वास घ्यावा, विचार झटकून टाकावा. जवळच्यांनी त्या माणसाला धरून हलवावं, भानावर आणावं. नंतर तो विषय काढू नये. काळ हेच औषध.’ पुढे पाठवणाऱ्यांना मदतच करायची असते, हे मान्य. पण हा सल्ला पाळून एखाद्याचा त्रास वाढू शकतो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

‘शेवटी जुनी आठवणच.’ नाही. एखादी गोष्ट आठवते तेव्हा ती घडून गेली आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. फ्लॅशबॅकमध्ये नेमकं हेच भान सुटतं, कधी थोडं, कधी पूर्ण. अपघातातून वाचलेली व्यक्ती घरात खुर्चीवर बसलेली असते. रस्त्यावर कुणीतरी करकचून ब्रेक लावतं. तिची बोटं खुर्चीच्या हातात रुततात, उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबायला लागतो, नजर एका जागी खिळते. तुम्ही नाव घेऊन हाक मारता, ती तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्या शरीरासाठी तो अपघात आत्ता होतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही पीटीएसडीच्या (भीषण घटनेनंतर जडणाऱ्या मानसिक आजाराच्या) मुख्य लक्षणांत हे येतं: घटना वर्तमानात पुन्हा घडत असल्याचा अनुभव.

‘मन घट्ट असेल तर होत नाही’ याला फार शब्द खर्चायची गरज नाही. पीटीएसडीला १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या मनोविकारांच्या यादीत स्थान मिळालं, त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता. त्यांना कुणी लेचंपेचं म्हणणार आहे का? धोक्याची सूचना मिळाली की हृदय धडधडतं, स्नायू ताठरतात, घाम फुटतो. हे सगळं विचार करायच्या आधीच होतं. त्यावर लाज वाटायला लावणं हा निव्वळ अन्याय आहे.

आता ‘डोळे मिटा, खोल श्वास घ्या’. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. डोळे मिटले की समोरची खोली नाहीशी होते आणि आतलं दृश्य तेवढं उरतं. फ्लॅशबॅकमध्ये डोळे उघडे हवेत. भराभर मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी चढते. श्वासाची मदत घ्यायचीच असेल तर श्वास सोडणं लांबवावं, घेणं नव्हे. आणि ज्याचा कुणी गळा आवळला होता किंवा जो बुडता बुडता वाचला, त्याला श्वासाकडे लक्ष देणंच घटनेकडे ओढून नेऊ शकतं. त्याने श्वासाचा नाद सोडून द्यावा.

मग करायचं काय? तळपाय जमिनीवर दाबा. हातात काहीतरी गार किंवा खडबडीत धरा. आजची तारीख आणि आपण कुठे आहोत ते मोठ्याने म्हणा. समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्या. यानंतरची एक पायरी मला फार मोलाची वाटते, आणि ती क्वचितच कुणी सांगतं: तेव्हाच्या आणि आत्ताच्या प्रसंगात फरक काय, हे स्वतःला सांगणं. ‘आवाज तसाच आहे. पण तेव्हा मी गाडीत होते, आत्ता घरात आहे. तेव्हा पाय अडकला होता, आत्ता मी उठून चालू शकते.’ असं म्हणत खरंच उठून चालायचं. एखादा वास, आवाज किंवा पाठीमागून आलेलं माणूस, अशा एका साम्यावरून शरीर धोक्याचा निष्कर्ष काढतं. फरक पुन्हा पुन्हा दाखवला की त्या साम्याची पकड सैल होते. हा सराव शांत वेळी करून ठेवावा; ऐन वेळी नवं काही सुचत नाही.

‘विचार झटका’ हे तर उलटंच फिरतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं सांगितलं होतं. अस्वल डोक्यात येतच राहिलं, आणि मनाई उठल्यावर आणखी जास्त आलं.

‘धरून हलवा’ असं तर कृपा करून कुणी करू नका. ज्याच्यावर हल्ला झाला होता, त्याला तो हात हल्लेखोराचाच वाटू शकतो. थोडं अंतर ठेवा, दाराची वाट अडवू नका. सावकाश सांगा: ‘मी अमुक. तू घरी आहेस. ते आत्ता होत नाहीये.’ हात लावायचा तर आधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. ‘काय दिसलं?’ हा प्रश्न त्या वेळी नको.

‘विषय काढू नये, काळ हेच औषध’ यात थोडं तथ्य आहे. घटनेनंतर बरेच जण काही आठवड्यांत आपसूक सावरतात, आणि कुणालाही बळजबरीने बोलतं करू नये. पण महिना उलटूनही फ्लॅशबॅक येत असतील, माणूस रस्ते, माणसं, झोप टाळू लागला असेल, तर नुसतं थांबून राहणं हा उपाय नव्हे. टाळाटाळीने आजार टिकून राहतो. वर सांगितलेल्या युक्त्याही तो क्षण निभावण्यापुरत्याच आहेत. मूळ आठवणीवर काम करणारे उपचार वेगळे आहेत: आघातकेंद्री सीबीटी (घटनेमुळे बसलेले विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे उपचार), प्रदीर्घ एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जाणं), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम). तिथे ती घटना बोलली जाते, पण प्रशिक्षित माणसासोबत, झेपेल त्या गतीने. आणि अनेकांना काही महिन्यांत स्पष्ट फरक पडतो. सर्ट्रालिनसारख्या, नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या औषधांचाही काहींना उपयोग होतो. झोपेच्या किंवा ‘शांत करणाऱ्या’ बेंझोडायझेपिन गोळ्या मात्र पीटीएसडीवरचा उपचार नाहीत, आणि त्यांची सवय लागू शकते. आधीपासून चालू असतील तर एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारूनच कमी कराव्यात. जीव द्यावासा वाटत असेल, तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या.