उघडाबोडका म्हणावा असा डोंगर नव्हे

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या स्टोन माउंटनला लेखात ‘उघडाबोडका ग्रॅनाइटचा डोंगर’ म्हटले आहे, ते पटले नाही. माथ्यावरील उथळ खळग्यांत थोडीशी माती साठते, हिवाळ्यात पाणी थांबते, आणि तेथेच डायमॉर्फा ही लाल, मांसल पानांची इवलीशी वनस्पती शरदात रुजून वसंतात पांढरी फुलते. पुढे ती वाळली तरी तिचे बी उन्हाळाभर तापलेल्या खडकापासून वर, उभ्या देठांवरच राहते, ही युक्ती मला विलक्षण वाटते. पाणी अधिक टिकणाऱ्या खळग्यांत नेच्यांची दूरची नातलग आयसोएटिस मेलॅनोस्पोरा आढळते, जी तेथे कायद्याने संकटग्रस्त ठरवलेली आहे. उन्हाळ्यात हे खळगे रिकामे भासतात, म्हणूनच पर्यटक ते बेफिकिरीने तुडवतात.