अँजला काढलं ते बरोबरच होतं

युरोपा लीग जिंकून देणाऱ्या कोच अँज पोस्टेकोग्लूला टॉटनहॅमने काढलं ते बरोबर की चूक, ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मग मला टॅग करू नका.

२१ मे २०२५ची मँचेस्टर युनायटेडविरुद्धची बिल्बाओतली युरोपा लीग फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. घरचे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. ४२व्या मिनिटाला आपल्या ब्रेनन जॉन्सनचा तो गोल, धड किकसुद्धा नव्हती, घरंगळतच गेला आत. मी तोंडात उशी कोंबली. पण नंतर युनायटेडच्या होयलंडचं हेडर आपल्या व्हॅन डे व्हेनने गोललाइनवरून हवेत झेप घेऊन बाहेर काढलं तेव्हा उशी कुठली सापडायला! आई धावत बाहेर. "काय रे, कोण गेलं?"

१७ वर्षांनी टॉटनहॅमला ट्रॉफी. १९८४नंतर पहिलीच युरोपियन. 'दुसऱ्या वर्षी मी जिंकतोच' असं सीझनच्या सुरुवातीलाच सांगून पोस्टेकोग्लूने ते करून दाखवलं. आणि सोळा दिवसांनी, ६ जूनला, क्लबने त्याला नारळ दिला. मी त्या रात्री रडलोय, तरी सांगतो, दुसरा इलाज नव्हता.

प्रीमियर लीगच्या ३८ पैकी २२ मॅचेस हरलो आपण. वीस टीम्समध्ये नंबर सतरावा. शेवटचे तिघे लीगबाहेर जातात, ते तिघे, साउथॅम्प्टन, इप्स्विच, लेस्टर, इतके गचाळ खेळले म्हणून वाचलो. दुखापती होत्या, कबूल. गोलकीपर विकारिओचा घोटा मोडला, डिफेन्समधले रोमेरो-व्हॅन डे व्हेन महिनोन्‌महिने बाहेर, अठरा वर्षांच्या आर्ची ग्रेला सेंटर-बॅक खेळवायची वेळ आली. पण म्हणून तर घर झाकून खेळायचं ना!

नोव्हेंबर २०२३ची चेल्सीची मॅच आठवा. दोन रेड कार्डं, नऊ जण मैदानात आणि डिफेन्स तरीही हाफवे लाइनवर उभा. १-४ हरलो, आणि त्याच रात्री मी त्या माणसाच्या प्रेमात पडलो. एकदा बघायला मजा आली. दीड वर्ष तेच बघताना नाही आली. बिल्बाओत गोल झाल्यावर मात्र हाच माणूस सगळ्यांना मागे घेऊन बसला. म्हणजे येत होतं त्याला. मग लीगमध्ये का नाही? या प्रश्नाचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

क्लबच्या निवेदनाचा मात्र संताप येतो. म्हणे शेवटच्या ६६ लीग मॅचेसमध्ये ७८ पॉइंट्स. सुरुवातीच्या दहा मॅचेसमध्ये मिळवलेले २६ सोयीस्करपणे बाजूला ठेवले. वहीचं पहिलं पान फाडून कसला हिशेब दाखवता? सरळ सांगा ना, सतरावा नंबर आला म्हणून काढतोय. पुरेसं कारण आहे ते.

आणि पुढे त्याला कोच म्हणून घेणाऱ्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबने ३९ दिवसांत हाकललं ते माझ्या बाजूचा पुरावा म्हणून नाचवू नका. आठ मॅचेसमध्ये एकही विजय नाही हे खरं, पण ३९ दिवसांत घराचा रंगसुद्धा वाळत नाही.

'ट्रॉफी जिंकणाऱ्याला काढतात का' म्हणणाऱ्यांनी युनायटेडचा तेव्हाचा कोच टेन हागकडे बघावं. मे २०२४मध्ये एफए कप जिंकला, युनायटेडने भावनेच्या भरात ठेवला, वर करारही वाढवला. ऑक्टोबरमध्ये काढलाच. मधले महिने फुकट, नव्या माणसाला उरलेला सीझन दुसऱ्याच्या टीमवर काढावा लागला, नंबर पंधरावा.

युनायटेडवाल्यांनी कमेंटमध्ये जरूर यावं. आधी बिल्बाओचा स्कोअर लिहायचा, मग बोलायचं.