नदी बुजवली, आता मोटारी पळवा

२७ हजार एकर! १९६०च्या दशकात डिस्नेने भलत्याच नावांच्या कंपन्या काढून फ्लोरिडातली दलदल गुपचूप विकत घेतली, तेव्हा साधारण एवढी जमीन त्यांच्या हाती आली होती. कॅलिफोर्नियातल्या पार्कला चहूबाजूंनी मोटेलांनी आणि दुकानांनी घेरलं होतं, हातपाय पसरायला जागा उरली नव्हती, म्हणून इथे आधीच ऐसपैस घेऊन ठेवली. आणि एवढ्या जमिनीत ह्यांना सिनेमातल्या मोटारी पळवायला जागा कुठे सापडली? तिथल्याच मॅजिक किंगडम पार्कातल्या नदीत. नदी बुजवून!

६ जुलै २०२५ हा शेवटचा दिवस. त्या दिवशी लिबर्टी बेल ही आगबोट शेवटची फिरली, टॉम सॉयर आयलंडला जाणारे तराफे थांबले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं बंद. १९७१ साली पार्क उघडलं तेव्हापासूनची ती नदी. आता तिथे 'कार्स' चित्रपटाच्या दुनियेतलं 'पिस्टन पीक नॅशनल पार्क' येणार. डोळे मिचकावणाऱ्या गाड्या, चिखल, दगडधोंडे, ऑफ-रोड रॅली वगैरे. मुहूर्त तरी बघा. २०२६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं २५०वं वर्ष. ज्या पार्कात त्या स्वातंत्र्याच्या नावाचा आख्खा चौक, लिबर्टी स्क्वेअर, उभा केलाय, तिथे त्याच्या आदल्याच वर्षी, ४ जुलै झाल्यावर दोन दिवसांत नदीला टाळं.

हे मी इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या मराठी ग्रुपवर तावातावाने लिहिलं तर उत्तर काय आलं? "अरे, खोटीच नदी होती ना? एवढं काय मनाला लावून घेतोस!" खाली तीन हसरे चेहरे.

हो बाबा, खोटी होती. ठाऊक आहे मला. बोट पाण्याखालच्या रुळावरून जायची. अर्धा मैल जेमतेम, बेटाला वळसा घालून पुन्हा जिथे होतो तिथेच. पण वाफेचं इंजिन खरं होतं. मागचं ते लाल चाक खरोखर वाफेवर फिरायचं, शोभेला लावलेलं नव्हतं. आणि त्या खोट्या नदीच्या काठावर किती डोकं खर्च केलं होतं ते बघायचं असेल तर एकदा लिबर्टी स्क्वेअरमध्ये पंधरा मिनिटं नुसते उभे राहा. राइड-बिड काही नको. मधोमध भलामोठा ओकचा वृक्ष आहे, त्याला १३ कंदील टांगलेत, १३ मूळ वसाहतींचे. एका घराच्या वरच्या खिडकीत दोन कंदील ठेवलेत. १७७५मध्ये बॉस्टनच्या चर्चमधून इंग्रज पाण्यावरून येताहेत अशी खूण केली होती, त्याची ती आठवण. काही खिडक्यांची दारं मुद्दाम तिरकी लोंबतात, कारण युद्धात गोळ्या ओतायला लोखंडी बिजागऱ्या काढून दिल्या आणि जागी चामड्याच्या पट्ट्या लावल्या, असं ते सांगतात. शंभरातल्या नव्याण्णव माणसांच्या हे ध्यानातही येत नाही. तरी केलं. ह्याला म्हणतात काम.

आणि हे सगळं सुटं सुटं नव्हतं. लिबर्टी स्क्वेअरकडून फ्रंटियरलँडकडे, म्हणजे काऊबॉयच्या विभागाकडे, नदीकाठाने चालत गेलात की तुम्ही पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे निघायचात, आणि अठराव्या शतकातून एकोणिसाव्यात. विटांची घरं संपून लाकडी फळ्यांची सुरू व्हायची, पुढे लाल डोंगर, खाणीची गाडी. हॉन्टेड मॅन्शन हा तिथला भुतांचा बंगला न्यूयॉर्कच्या हडसन खोऱ्यातला जुना वाडा वाटावा अशा घाटाने बांधलाय. त्याच्यासमोरचं पाणी म्हणजे हडसन. तेच पाणी वळून पुढे गेलं की मिसिसिपी. एकाच अर्ध्या मैलाच्या डबक्यात ह्या लोकांनी एका देशाचा शंभर वर्षांचा प्रवास बसवला होता! पाणी काढलं की हडसनकाठचा वाडा कशाच्या काठावर उभा राहणार? पार्किंग लॉटच्या?

माझा नव्याला विरोध आहे असं कृपा करून म्हणू नका, डोकं आणखी फिरेल. २०२३मध्ये टुमॉरोलँडमध्ये 'ट्रॉन' आलं, मी आनंदाने रांगेत उभा राहिलो. भविष्यकाळाच्या विभागात दिव्यांच्या मोटरसायकली, छान, बरोबर जागी. स्प्लॅश माउंटन हे राइड गेलं तेव्हाही मी एक अश्रू ढाळला नाही. ज्या सिनेमावर ते बेतलं होतं तो कंपनीला स्वतःलाच दाखवायची लाज वाटते, गेलं ते उत्तम झालं. नदीवरची गोष्टही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. कॅलिफोर्नियातल्या नदीकाठी एक जळती झोपडी होती, आणि कित्येक वर्षं ती मूळनिवासींनी पेटवली असंच सांगितलं जायचं. ते बदललं, बदलायलाच हवं होतं. आणि 'कार्स'शीही माझं वैर नाही. २०१२मध्ये कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरमध्ये कार्स लँड उघडलं, त्यातले ते तांबडे कडे आणि संध्याकाळी पेटणारे निऑनचे दिवे बघून मी आ वासला होता. पण तिथे तो आख्खा गाव त्या गाड्यांचाच आहे. शेजारी १७७६ नाही!

आता ज्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ते सांगतो. हीच कंपनी, हीच नदी, कॅलिफोर्नियात. तिथे स्टार वॉर्सचा विभाग करायचा होता, १४ एकर हवे होते आणि जागेची मारामार. २०१६च्या जानेवारीत त्यांनी नदी बंद केली. सगळ्यांना वाटलं, गेली. दीड वर्षाने, २०१७च्या जुलैत पाणी परत आलं. नदी छोटी झाली होती, पण उत्तरेच्या काठाला इतके सुरेख कडे आणि धबधबे उभे केले की पूर्वीपेक्षा देखणी दिसायला लागली. आगगाडीचा रूळ फिरवून घेतला, १९५५पासून फक्त उजवीकडे वळणारी ती गाडी पहिल्यांदाच डावीकडे वळली. २०१९मध्ये त्या कड्यांच्या पलीकडे आख्खा परग्रह उघडला, आणि अलीकडे बोटीत बसलेल्या माणसाला त्यातला एक दगड दिसत नाही. बोगद्यातून जायचं आणि पलीकडे निघायचं. एवढं सोपं. म्हणजे जिथे जागा नव्हती तिथे नदी वाचली, आणि जिथे जागाच जागा आहे तिथे बुजवली. ह्याला काय म्हणायचं सांगा मला. येत नाही म्हणून केलं नाही असं तर नाहीच. येतं, पण करायचं नाही.

पूर्वी काय हट्ट असायचा! कॅलिफोर्नियात एकदा टुमॉरोलँडमधून एक काऊबॉय आपल्या कामाला चालत जाताना वॉल्ट डिस्नेने पाहिला आणि तो खवळला, अशी गोष्ट सांगतात. भविष्यकाळात काऊबॉय कसा? म्हणून फ्लोरिडात मॅजिक किंगडमच्या खाली बोगदे केले. आपण ज्यावर चालतो तो खरं तर दुसरा मजला आहे, खालून कामगार, कचरा, पोशाख, सगळी ये-जा. पुढचं ऐका. १९९४मध्ये शेजारच्या पार्कात 'टॉवर ऑफ टेरर' बांधला. तो उंच, त्यामुळे एपकॉट ह्या देशोदेशीची दालनं असलेल्या पार्कातून मोरोक्कोच्या दालनामागे दिसणार. तर त्या टॉवरचा माथा आणि रंग असा ठेवला की एपकॉटमधून तो मोरोक्कोचाच भाग वाटावा. दुसऱ्या पार्कातून, तळ्यापलीकडून दिसतो म्हणून! एक काऊबॉय चुकीच्या जागी दिसला म्हणून जमिनीखाली रस्ते बांधणारी ही माणसं होती. आणि आता त्याच काऊबॉयच्या गावात मोटारींची रॅली.

ह्यावर ठरलेलं उत्तर असतं: "पार्क म्हणजे काही संग्रहालय नव्हे, वॉल्ट स्वतःच म्हणायचा की हे कधी पूर्ण होणार नाही." बरोबर आहे, म्हणायचा. पण भर घाला म्हणाला, शेजाऱ्याच्या घरात पाणी सोडा असं नाही म्हणाला. काहीही करायचं झालं की त्या बिचाऱ्याचं ते एक वाक्य पुढे करतात. एपकॉटमध्ये नॉर्वेच्या दालनात 'फ्रोजन' घातलं तेव्हाही तेच. खऱ्या देशाच्या दालनात कधीच अस्तित्वात नसलेल्या राज्याच्या राजकन्या.

मला विचाराल तर खरं कारण भलतंच आहे. बोटीला लायटनिंग लेन नव्हती. बेटाला नव्हती. म्हणजे रांग टाळायचे वेगळे पैसे तिथे घेता येत नव्हते. नदी काही विकत नव्हती. लोक तिथे बसायचे, वारा खायचे, पोरं पिंपांच्या पुलावर नाचायची, किल्ल्यात पळायची, आणि खिशातला एक डॉलर बाहेर येत नव्हता. गर्दीच्या दिवशी तिकीट २०० डॉलरच्या घरात गेलेल्या पार्कात असा निवांतपणा कुणाला परवडतो?

आणि तो निवांतपणा नेमका आपल्यासारख्यांना लागायचा. इथल्या कुठल्याही मराठी घरात विचारा. सांगलीहून, नाशिकहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना डिस्ने दाखवणं हे आद्य कर्तव्य. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, आईचे गुडघे. थरारक राइडच्या दारातल्या पाटीवर हृदयविकार, पाठीचं दुखणं, सगळंच लिहिलेलं असतं, म्हणजे ते दोघं बाहेर बाकावर पर्स आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत. ऑगस्टमधलं फ्लोरिडाचं ऊन. अशा वेळी आगबोट हा एकच मोठा आधार होता. वरच्या डेकवर वारा, सावली, घाई नाही, झटके नाहीत. "भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायचो तसं वाटलं रे," असं बाबा म्हणाले की आपण जिंकलो. आता त्यांना कुठे बसवू? रॅलीच्या गाडीत? दगडधोंड्यांवरून? "घट्ट धरा बाबा" म्हणत?

कंपनी म्हणते, काळजी नको, मधे झाडं लावू, खडक उभे करू, पाणीही थोडं ठेवू, लिबर्टी स्क्वेअरमधून गाड्या दिसणार नाहीत. शिवाय नॅशनल पार्कातल्या जुन्या लाकडी-दगडी लॉजच्या धर्तीवर इमारती बांधणार म्हणे. चित्रं मीही पाहिलीत, लॉज चांगलं दिसतंय, खोटं कशाला बोलू. पण दिसणार नाहीत हे झालं. ऐकू येणार नाहीत का? झाडं आवाज अडवत नाहीत हो. आणि तो ओक डोळ्यांत भरतो कारण तो म्हातारा आहे. तो मोठा वाढलेला होता, तिथून उचलून इथे आणून लावला. असे किती म्हातारे ओक आणून रांगेत उभे करणार आहात? पन्नास वर्षं वाढलेला काठ एका उन्हाळ्यात उखडायचा आणि नर्सरीतली रोपं लावून म्हणायचं, बघा, पडदा!

कड्याची भिंत घाला. उंच घाला, कॅलिफोर्नियासारखी, धबधबा सोडा तिच्यावरून. मॅन्शनसमोर निदान वाड्याला वाडा म्हणता येईल एवढं रुंद पाणी ठेवा. रॅलीचं दार बिग थंडरच्या, त्या खाणीच्या गाडीच्या लाल डोंगराच्या, पलीकडे, बोगद्यातून काढा. पैसे नाहीत असं तर म्हणू नका.

आणि हे जमणार नसेल तर मग अर्धवट तरी कशाला? हॉन्टेड मॅन्शनच्या दारात अदृश्य घोडा जुंपलेली मयताची जुनी गाडी उभी आहे ना, तिच्या काचेवर दोन मोठे डोळे चिकटवा, खाली हसरं तोंड काढा, आणि द्या सोडून तिलाही रॅलीत.