चार ओळींत म्हणे फोर्ट्रान संपते

"फोर्ट्रान मेली. जुन्या रूटीनला पायथनचा रॅपर चढवणं म्हणजे मढ्याला शृंगार. तेच गणित नमपायमध्ये चार ओळींत होतं, आणि वेगात होतं." फोर्ट्रान या गणिती कामाच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवरचा हा मेसेज मी दुर्लक्षून सोडला होता. (नमपाय म्हणजे पायथनचं गणिती पॅकेज; रॅपर म्हणजे जुनं रूटीन, तयार उपप्रोग्राम, पायथनमधून बोलावणारं वेष्टण.) पण तो मेसेज वाचून आमच्या एका धाकट्या सहकाऱ्याने चालत्या कोडमधलं डीएनआरएम२ हे फोर्ट्रान रूटीन उपटलं, तेव्हा गप्प बसवेना.

डीएनआरएम२ वेक्टरची लांबी काढतं. वर्ग करा, बेरीज करा, मूळ काढा. यासाठी एवढ्या ओळी कशाला, असं त्या सहकाऱ्याला वाटलं. आता ३ आणि ४ घ्या, दोघांना १०च्या २००व्या घाताने गुणा. उत्तर ५ गुणिले तोच घात, डबलमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटी दशांश संख्येत, आरामात मावतं. पण वर्ग १०च्या ४००व्या घातापलीकडे जातो आणि डबलची मर्यादा ३०८व्या घाताशीच संपते. हाती येतं अनंत. उलट टोकाला, उणे २००व्या घाताशी, वर्ग शून्य होतो आणि लांबीही शून्य. मग पुढची ओळ त्याच लांबीने भागणार! ज्या ओळी 'फापटपसारा' म्हणून उडवल्या, त्या हे सांभाळत होत्या. जेम्स ब्लू यांनी १९७८ साली एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात एवढ्याच प्रश्नावर अख्खा शोधनिबंध लिहिला, आणि लॅपॅक या गणिती रूटीनांच्या संग्रहाच्या २०२१च्या ३.१० आवृत्तीत हे रूटीन त्याच पद्धतीने नव्याने लिहिलं गेलं. ते 'चार ओळींचं' नमपाय? त्याचं लांबी काढणारं साधं नॉर्म इथे अनंतच देतं. सायपाय या पायथनच्याच दुसऱ्या पॅकेजचं बरोबर येतं, कारण ते आतून याच 'मढ्याला', डीएनआरएम२ला, विचारतं.

"मेली" म्हणाल, तर २०२३ साली फोर्ट्रानचं नवं मानक आलंय. पुढे.

"वेगात होतं", म्हणजे रॅपर संथ, यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. नमपाय अ‍ॅरे (आकड्यांचा तक्ता) ओळीओळीने मांडतो, फोर्ट्रान स्तंभास्तंभाने. क्रम जुळला नाही की एफटूपाय, हे रॅपर बनवणारं साधन, गुपचूप कॉपी करतं. अ‍ॅरे आधीच स्तंभक्रमात बनवा, कॉपी टळते. बांधणीच्या वेळी कॉपी कळवणारा पर्यायही आहे, तो कोणी लावत नाही.

कॉमन ब्लॉकचा, म्हणजे जुन्या फोर्ट्रानमधल्या सगळ्यांच्या सामायिक मेमरीचा, त्रास मात्र खराच. व्होड या विकलक समीकरणं सोडवणाऱ्या जुन्या रूटीनचे दोन इंटिग्रेटर एकाच वेळी वापरू नका, असं सायपायचं डॉक्युमेंटेशनच बजावायचं. सायपायवाले जुनी रूटीनं सीमध्ये आणतही आहेत, पण अल्गोरिदम जपून, चाचण्यांसकट.

आमच्या पठ्ठ्याची चाचणी एकच होती: ३ आणि ४. उत्तर ५ आलं म्हणून त्याने कमिट केलं.