दुसऱ्यांच्या आजीचे नाव

ठाण्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आणि तिचे नाव ‘कॅलिओपी’ हे ग्रीक देवतेचे नाव ठेवायचे असे त्याने आणि त्याच्या बायकोने ठरवले. तेव्हापासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात चाललेला वाद मी अथेन्समध्ये बसून वाचते आणि माझी चिडचिड होते. काकांच्या पिढीचे म्हणणे असे, की जिथे एकट्या विष्णूची हजार नावे आहेत, तिथे परक्या देवतेचे नाव कशाला हवे? भावाचे म्हणणे असे, की नाव दुर्मीळ आहे, त्याचा अर्थ ‘मधुर आवाजाची’ असा आहे, वर्गात त्या नावाची दुसरी मुलगी असणार नाही आणि पुढे परदेशी गेल्यावर ते उच्चारताना कोणी अडखळणार नाही. एक बाजू धर्म सांगते, दुसरी बाजू नावांच्या याद्या दाखवते. पण हे नाव लावणारी एकही बाई दोन्ही बाजूंपैकी कोणी पाहिलेली नाही.

मी मात्र अशा एका बाईंच्या दारावरून रोज ये-जा करते. अथेन्सजवळच्या कालिथेआत आमच्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कीरिया, म्हणजे श्रीमती, पोपी राहतात. ओळखपत्रावर त्यांचे नाव कालिओपी आहे, पण ‘लायकी’तल्या, म्हणजे रस्त्यावरच्या आठवडी बाजारातल्या, भाजीवाल्यापासून त्यांच्या नातवंडांपर्यंत सगळे त्यांना पोपीच म्हणतात. इथे हे नाव दुर्मीळ तर नाहीच, उलट जरा जुनाट मानले जाते; ते आजीचे नाव आहे. कालिओपी, उरानिया, मेल्पोमेनी, पोलिम्निया ही काव्य-कलांच्या नऊ देवतांपैकी काहींची नावे, आणि आज ती काळा स्कार्फ बांधून सकाळी पाव आणायला निघालेल्या म्हाताऱ्या बायकांची नावे आहेत. हेसिअड या प्राचीन कवीने या नऊ जणींची नावे सांगताना कालिओपीला सर्वांत श्रेष्ठ म्हटले आहे. पुढे तिच्याकडे महाकाव्य सोपवले गेले, पुराणकथांतल्या ऑर्फियस या गायकाची आई म्हणून ती गाजली आणि तिच्या हातात लिहिण्याची पाटी आली. तरी देवळे ओस पडल्यानंतरही हे नाव टिकले, त्याचे एक मोठे कारण असे, की याच नावाची एक ख्रिस्ती हुतात्मा संत मानली जाते. ८ जूनला तिचा दिवस असतो, आणि तोच त्या नावाच्या सगळ्यांचा नामदिन. त्या दिवशी कीरिया पोपींचे दार उघडे असते, मिठाईचा खोका टेबलावर असतो आणि येणारा प्रत्येक जण ‘ख्रोनिया पोला’, म्हणजे दीर्घायुषी व्हा, म्हणून बसतो. ग्रीक लष्करात तर शौचालये धुण्याच्या कामालाच शिपाई ‘कालिओपी’ म्हणतात. सैन्यात जाऊन आलेल्या प्रत्येक पुरुषाला ते ठाऊक असते, आणि तरीही त्यामुळे कोणा कालिओपीची मान खाली गेलेली मी पाहिलेली नाही. इतक्या माणसांनी इतकी वर्षे वापरलेल्या नावाचा अर्थ कोशातल्या एका ओळीत मावत नाही, हे मला गटातल्या लोकांना सांगायचे आहे.

इथे नाव शोधावे लागत नाही, ते आलेले असते. पहिल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचे नाव, मुलीला आजीचे. कोणती आजी आधी, हे बेटागणिक बदलते आणि त्यावरून घरांत रुसवेफुगवेही होतात. बाप्तिस्मा जन्मानंतर काही महिन्यांनी होतो, तोवर मुलगी नुसती ‘बेबा’ असते. पूर्वी आई त्या विधीला चर्चमध्ये नसे. धर्मपित्याने नाव उच्चारले की गल्लीतली पोरे धावत घरी जाऊन तिला ते सांगत आणि बक्षिसाची नाणी मिळवत. या पद्धतीमुळे एकेका घरात चार-चार चुलतभावंडे एकाच नावाची असतात. पण त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या मुलाचे नाव वर्गात दुसऱ्या कोणाचे नसावे, ही इच्छाच इथल्या जुन्या माणसांना कळत नाही; मारिया आणि एलेनी, योर्गोस आणि यानिस यांनी हा देश भरलेला आहे आणि तो कोणाला कंटाळवाणा वाटलेला नाही.

काकांना मी वेगळी गोष्ट सांगेन. जी नावे आज अस्सल ग्रीक वाटतात, तीही एके काळी इथल्या धर्मगुरूंना खटकली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, देश तुर्कांच्या ताब्यात असताना, शिकलेल्या मंडळींमध्ये मुलांना प्राचीन नावे देण्याची लाट आली. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या किदोनिएसमधल्या, म्हणजे आज तुर्कस्तानात असलेल्या आयवालिकमधल्या, विद्यालयात विद्यार्थ्यांनी स्वतःची ख्रिस्ती नावे बाजूला ठेवून प्राचीन वीरांची आणि विचारवंतांची नावे घेतली. १८१९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू, पॅट्रिआर्क ग्रेगरी पाचवे यांनी परिपत्रक काढून बाप्तिस्म्याच्या वेळी अशी नावे ठेवण्याच्या या नव्या चालीचा निषेध केला. दोनच वर्षांनी तुर्कांविरुद्ध उठाव झाला आणि त्याच ग्रेगरींना सुलतानाने फाशी दिली. आज ग्रीस त्यांना हुतात्मा मानतो आणि त्यांना न आवडलेली नावेही अभिमानाने ठेवतो. परके काय आणि आपले काय, याची सीमा दोनशे वर्षांत इतकी सरकते.

आणि नावांची परंपरा जपण्याबद्दल आमच्या काकांनी बोलावे, हे मला सर्वांत असह्य होते. माझ्या आईचे माहेरचे नाव कुसुम. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरे नाव लिहून ती सुनंदा झाली, आणि त्या ताटाभोवती हेच काका उभे होते. एका जिवंत, वीस वर्षांच्या मुलीचे नाव पुसताना ज्यांना संस्कृती आठवली नाही, त्यांना चार दिवसांच्या बाळाच्या नावात ती धोक्यात आलेली दिसते. ग्रीसमध्ये १९८३ च्या कायद्याने लग्नानंतर बाईचे आडनाव बदलणेच बंद केले. कीरिया पोपींच्या सुनेच्या दारावरच्या घंटीशी दोन आडनावे आहेत आणि टपालवाल्याला त्याची सवय आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे सरकारने सक्तीचे केले, याचा मला मनापासून आनंद आहे, पण तो निर्णय व्हायला किती उशीर लागला हेही मी विसरू शकत नाही.

भावाचा हट्टही मला पटत नाही. त्याने हे नाव ग्रीसकडून घेतलेले नाही. त्याची सख्खी बहीण इथे राहते, तरी त्याने मला एका शब्दाने विचारले नाही. ते अमेरिकेहून आले आहे. तिथे २०१६ मध्ये हे नाव मुलींच्या पहिल्या हजार नावांत आले, तिथले लोक त्याचा उच्चार ‘कलायोपी’ करतात, आणि नावांच्या याद्या तिथूनच जगभर फिरतात. म्हणजे तो ज्याला दुर्मीळ म्हणतो, तेही दुसरीकडे चालू लागलेले नाव आहे.

नातवाला आजोबांचे नाव देण्याची चाल आपल्याकडेही होती. संभाजी महाराजांच्या मुलाचे जन्मनाव शिवाजीच होते, जग त्याला शाहू म्हणते. बाळाजी विश्वनाथांच्या नातवाचे नावही बाळाजी, पण तो ओळखला गेला नानासाहेब म्हणून. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नसे, म्हणून मुलाला घरात आबा, नाना, अप्पा अशी हाक पडे आणि मूळ नाव कागदावर जपले जाई. आमची आजी सरस्वती. वाईत तिला सगळे सरूबाई म्हणत. वाणीची, विद्येची देवता, हातात वीणा आणि पुस्तक, ग्रंथ लिहिण्याआधी कवीने जिला वंदन करायचे ती. आणि वाईच्या घाटावर धुणे धुणारी आमची सरू. कालिओपीची पोपी होते तशीच ही सरस्वतीची सरू. गटातल्या एवढ्या शेकडो संदेशांत आजीचे नाव एकदाही आले नाही, ना काकांकडून, ना भावाकडून. काका तर तिच्या पोटचे मुलगे आहेत.

मला याचा इतका त्रास का होतो, हे मी स्वतःला विचारले आहे. माझ्या मुलीचे नाव मीरा आहे. इथल्या जिभेला ‘श’ येत नाही. शैलजा या माझ्या नावाचे पहिल्याच वर्षी ‘सैला’ झाले, म्हणून मुलीसाठी आम्ही दोन्हीकडे न अडणारे नाव निवडले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण भाऊ आज परदेशातल्या उच्चाराची जी चिंता करतो, ती करण्याचे कारण माझ्याजवळ होते, त्याच्याजवळ नाही. ठाण्यात राहून सरस्वती हे नाव ठेवायला त्याला कोणाचीच आडकाठी नव्हती. माझ्या हातून जे निसटले, ते त्याच्या हाताशी असून त्याने घेतले नाही, हा माझा खरा राग आहे. शिवाय मी त्या बाळाची आत्या आहे. बारशाला कानात नाव सांगण्याचा मान माझा होता. विमानाचे तिकीट आणि मीराची परीक्षा यांत तो माझ्या चुलतबहिणीकडे गेला.

संतांच्या यादीत ज्यांचे नाव नाही, त्यांचा नामदिन इथे पेंतेकोस्त या ख्रिस्ती सणानंतरच्या रविवारी, सर्व संतांच्या दिवशी धरतात. कीरिया पोपींनी तो दिवस मला परस्पर देऊन टाकला आहे आणि दरवर्षी त्या दिवशी माझ्याकडून मिठाईची अपेक्षा करतात. मी ती नेते. आपल्या नावाला जागा नसतानाही माणसाला जागा देण्याची ही रीत मला आवडते, आणि तिच्यामुळेच मी काकांच्या बाजूने उभी राहू शकत नाही: या देशाने मला परकी म्हणून दाराबाहेर ठेवले नाही, तर इथल्या नावाला मी आमच्या घराबाहेर कसे ठेवू?

म्हणून भावाला मी एवढेच लिहिले आहे. जन्मनोंदणीत कालिओपी राहू दे, पण तिला ‘कॅली’ करू नका, आणि उच्चार इथला शिका: जोर ‘ओ’वर येतो. आपल्याकडे पाळण्यातले नाव वेगळे ठेवण्याची सोय आहे. ते सरस्वती ठेवा, आणि ते कोणाचे आहे हे तिला कळत्या वयात सांगा. काकांनाही मी हेच कळवले आहे, त्यांच्या आईचे नाव त्यांना मी सुचवावे लागते याचे वाईट वाटते असेही लिहिले आहे. भावाने विचार करतो म्हटले आहे, काकांचे उत्तर आलेले नाही.